नाताळची पंगत



दिवाळीनंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही. भाचीचा दोनदा फोन येऊन गेला, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. हात रिकामे नव्हते, एवढंच. या डिसेंबरात आमच्या अल्लीपूरच्या घरी नाताळचं जेवण झालं. चौदा माणसं जेवली. त्या निमित्तानं थोडं वाचन झालं, थोडं आठवलं, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणाला न सांगितलेली एक गोष्ट घरच्यांसमोर सांगावी लागली. ती इथंही लिहायची असं ठरवलं आहे, पण तिच्या जागी लिहीन. आधी जेवणाचं.

माझी धाकटी सून अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. मराठी ख्रिस्ती कुटुंब, तीन पिढ्या शिक्षकांच्या. लग्नाला सहा वर्षं झाली. दर नाताळला मुलगा, सून आणि नात तिकडे जातात. या वर्षी मीच म्हटलं, व्याही-विहीणबाईंना घेऊन इकडे या. बोलून गेले आणि मग काळजी लागली. नाताळला करायचं काय? दिवाळीचं मला झोपेतून उठवून विचारा. नाताळचं काही ठाऊक नाही.

नातवानं मोबाईलवर शोधून दिलं. "आजी, पारंपरिक नाताळचं जेवण म्हणजे भाजलेली टर्की, प्लम पुडिंग आणि भाजलेले बटाटे." टर्की म्हणजे कोंबडीपेक्षा पाचपट मोठा पक्षी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी घाबरून सूनबाईला फोन केला. ती इतकी हसली की तिला बोलता येईना. म्हणाली, "आई, आमच्या नगरात टर्की कोणी चित्राबाहेर पाहिलेली नाही. आमच्याकडे करंज्या असतात."

करंज्या! शब्द कानावर पडला आणि मी जरा गप्प झाले. का, ते पुढे येईल.

आता इतिहासाची शिक्षिका म्हटल्यावर "पारंपरिक" हा शब्द आला की मी विचारते, कुणाची परंपरा आणि केव्हापासूनची? टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा, मेक्सिकोकडचा. आपली मिरची तिकडचीच. कोलंबसानंतर दोघीही जगभर पसरल्या. टर्की इंग्लंडच्या ताटात गेली आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्या ठेच्यात आली. म्हणजे इंग्रजाच्या टर्कीइतकाच आपला ठेचा "पारंपरिक" आहे. चार्ल्स डिकन्सची 'ख्रिसमस कॅरोल' ही गोष्ट १८४३ च्या डिसेंबरात छापून आली. तिच्यात गरीब कारकुनाच्या घरी नाताळला हंस शिजतो आणि शेवटी कंजूष मालकाचं मन पालटल्यावर तो टर्की पाठवतो. गरिबाला हंस आणि ऐपतवाल्याला टर्की, असा तो मामला. १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आलं आणि मग ते झाड घरोघर पोचलं. आज जगभर चित्रात दिसतो तो नाताळ बराचसा त्या राणीच्या काळातला आहे.

पुडिंगची गंमत तर और आहे. १९२७ साली इंग्रज सरकारच्या एका मंडळानं "साम्राज्याचं ख्रिसमस पुडिंग" म्हणून एक कृती प्रसिद्ध केली. मनुका ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या, लवंग झांजिबारची, दालचिनी सिलोनची, रम जमैकाची आणि मसाला हिंदुस्थानचा. एका वाडग्यात सगळं साम्राज्य! इकडे त्याच सुमारास आपल्याकडे लोक परदेशी कापड सोडून सूत काढत बसले होते. तेव्हा ते पुडिंग आपल्या परंपरेत धरायचं कारण नाही, असं मी ठरवून टाकलं आणि मला हायसं वाटलं.

मग आपली परंपरा कोणती? "नाताळ" हा शब्द पोर्तुगीजांचा, "नाताल" म्हणजे जन्म. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडची जुनी माणसं "बडा दिन" म्हणत. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, त्यामुळे हिंदी शब्द बरेच. नागपूरला स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. त्यांनी शाळा काढल्या, दगडगोटे आणि जीवाश्म गोळा केले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात १८८३ साली निघालं. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात बोरीजवळच्या ओढ्याच्या पुरात वाहून गेले. टाकळघाटची दगडी वर्तुळं उकरून पाहून घोड्यावरून परतत होते. आपण नागपूरहून वर्ध्याला येताना बुटीबोरी लागते ना, तिथलीच ही गोष्ट. मी वर्गात ही गोष्ट सांगायची तेव्हा मुलं एकदम जागी व्हायची, कारण बुटीबोरी सगळ्यांनी पाहिलेली.

नगरकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तिथं १८४२ साली सुरू झालं. पण सणाचं म्हणाल तर माणसं धर्म बदलतात, चूल तशी लवकर बदलत नाहीत. विहीणबाई फोनवर सांगत होत्या, "नाताळच्या आधी आठ दिवस आमची आजी चुलीपाशी असायची. करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, अनारसे. दिवाळीला तुमचं जे, ते नाताळला आमचं. केक नंतर आला. शहरात राहणाऱ्या मामानं आणला की चाकूनं पातळ पातळ कापून सगळ्या वाड्याला पुरवायचा." भजनंसुद्धा तशीच. टाळ-मृदंगावर, अभंग-ओवीच्या चालीवर. रेव्हरंड टिळकांनी ती गोडी लावली.

टिळकांचं नाव निघालं म्हणून सांगते. नारायण वामन टिळक आपल्या नागपूरकडे राहून गेलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला आणि त्यानं बायबल दिलं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. 'स्मृतिचित्रे' मी आठवी-नववीला किती वर्षं शिकवलं असेल! पण शिकवताना आपण विनोदी प्रसंग निवडतो. या वेळी पुन्हा वाचताना मी दुसरंच शोधत होते. लक्ष्मीबाईंचे वडील कडक सोवळ्याचे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातली ही मुलगी नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्याच्याकडे राहायला गेली, तेव्हा तिनं आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं. नवऱ्यावर जीव, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही! मग हळूहळू, स्वतःशीच भांडत, तिनं ते सोडलं. कोणाच्या उपदेशानं नाही. मला वाटतं त्या पुस्तकातला सगळ्यात अवघड प्रवास तो आहे.

आजच्या मुलांना हे समजत नाही. नातीला सांगितलं तर ती विचारते, "पण पाण्याला काय होतं?" तिला कसं सांगायचं की आपल्याकडे अन्नाची एक शिडीच होती. फळ कोणाच्याही हातचं चाले. म्हणून तर "फलाहार", त्याचाच आपला फराळ झाला. तुपातलं-तेलातलं तळलेलं काही घरांतून चाले. पाणी त्याहून अवघड. आणि शिजलेला भात फक्त आपल्याच्या हातचा. कोण कुठल्या पायरीवर उभं आहे ते ताटावरून कळे. आणि ज्यांना शिडीच्या पायथ्याशीही उभं राहू देत नसत, त्यांच्यातलेच कितीतरी लोक पुढे मिशनच्या दारात गेले. ख्रिस्ती माणसाच्या घरचं न खाण्यामागे त्याचा नवा धर्म कमी आणि त्याची जुनी जात जास्त असायची. हे आम्ही कोणी मोठ्यानं बोलत नव्हतो, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर १८९०. पुण्यातली चाळीसेक प्रतिष्ठित माणसं मिशनमध्ये व्याख्यानाला गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी मग सगळी नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य पेटलं. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली. एवढी मोठी माणसं, पण श्राद्धाला भटजी मिळेना, लेकी माहेरी येईनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, स्वतःला पटलं म्हणून नाही, बरोबरच्या मित्रांचे हाल थांबावेत म्हणून. त्याबद्दल त्यांना सुधारकांनीही बोल लावला.

वर्गात हे शिकवताना मुलं हसत आणि मीही हसत असे. एका कपाची ती काय कथा! आता हसणाऱ्या बाईंचं ऐका.

१९७४ साली मी नोकरीला लागले. शाळेचं नाव लिहीत नाही. आमच्या शाळेत शिवणाच्या एक बाई होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, ख्रिस्ती. मी नवीन असताना हजेरीपट कसा भरायचा ते त्यांनीच शिकवलं. माझ्या दोन्ही मुलांची बाळंतपणातली झबली त्यांनी शिवली. आणि दर नाताळला त्या आम्हा सगळ्या शिक्षिकांना फराळाचा डबा द्यायच्या. स्टीलचा, झाकणावर नाव घातलेला.

तो डबा मी घरी आणायची. सासूबाई तो ओट्यावर ठेवू देत नसत. डबा मागच्या दारी जायचा आणि तिथून आमच्या सालदाराच्या घरी. रिकामा डबा राखेनं तीनदा घासून यायचा. मग रिकामा परत देऊ नये म्हणून मी त्यात साखर घालायची आणि बाईंना सांगायची, "छान झाल्या होत्या हं करंज्या." एक वर्ष नाही, चौदा वर्षं.

१९७९ ची गोष्ट असेल. बाईंनी विचारलं, "आवडल्या का मुलांना? या वर्षी सारण बदललं होतं." मी म्हटलं, "हो तर! खोबरं किती खमंग भाजलं होतं." त्या माझ्याकडे बघून "बरं" म्हणाल्या आणि मशीनवर वाकून बसल्या. दोन दिवसांनी सालदाराची बायको अंगण झाडताना म्हणाली, "बाई, औंदा करंज्या तिळाच्या होत्या. लेकरायनं चाटूनपुसून खाल्ल्या."

मला वाटलं पुढल्या वर्षी डबा येणार नाही. आला. तसाच भरलेला. फक्त कशा झाल्या हे बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

सासूबाईंवर सगळं ढकलणं सोपं आहे. त्या गेल्या, उत्तर द्यायला नाहीत. पण शाळा सुटल्यावर घरी यायला मला वीस मिनिटं चालावं लागे. वाटेत एका लिंबाखाली पार होता. त्या पारावर बसून एक करंजी खायला मला कोणाची बंदी होती? वर्गात रानडे आणि टिळक शिकवणारी मी, एम्प्लॉयमेंटचं कार्ड, बी.ए.ची पदवी, सगळं होतं. पारावर बसायचं तेवढं झालं नाही.

१९८८ च्या डिसेंबरातला डबा शेवटचा. त्या वेळी सासूबाई आजारी होत्या, धावपळीत डबा परत करायचा राहिला. एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि अमरावतीला मुलीकडे गेल्या. डबा माझ्या मांडणीवर राहिला. त्यात मी मोहरी ठेवते.

आता पुन्हा वर्ध्याकडे येते, कारण याच काळात आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर काय काय होऊन गेलं होतं ते लिहायला हवं. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी जुलै १९२८ मध्ये सर्वांसाठी उघडलं. साने गुरुजींच्या पंढरपूरच्या उपोषणाच्या कितीतरी आधी. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या रसोड्यात एकच पंगत. राजकुमारी अमृत कौर त्या पंगतीला, त्या ख्रिस्ती घराण्यातल्या. नई तालीमचे आर्यनायकम् सिलोनकडचे, तेही ख्रिस्ती घरातले. दीनबंधू अँड्र्यूज येऊन-जाऊन असत. ग्रामोद्योग संघ वर्ध्याला १९३४ च्या डिसेंबरात निघाला, त्याचे जे. सी. कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. हिशेबनीस म्हणून इंग्रजी सुटाबुटात वाढलेला माणूस, मगनवाडीत येऊन हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल आणि सिंदीच्या नीरेचा गूळ यांचा प्रचार करत राहिला. येशूच्या शिकवणुकीवरचं त्यांचं पुस्तक तुरुंगात लिहिलेलं आहे. मगन संग्रहालय वर्ध्यात अजून आहे. अल्लीपूरची मुलं सहलीला तिथं गेली की घाणी बघतात आणि पुढे जातात. मीही कितीदा मुलांना घेऊन गेले.

खुद्द गांधीजींचा एक नाताळ मला फार आवडतो. गोलमेज परिषदेहून हात हलवत परत येताना, १९३१ चा नाताळ त्यांना 'पिल्स्ना' बोटीवर आला. सहप्रवाशांच्या आग्रहावरून ते त्या सकाळी येशूवर बोलले. भावार्थ असा की माणसांच्या व्यवहारात खरी शांती येईल तेव्हाच ख्रिस्त जन्मला असं म्हणता येईल, तोवर हा दिवस नुसत्या समारंभाचा. तीन दिवसांनी बोट मुंबईला लागली आणि ४ जानेवारीला त्यांना अटक झाली.

आणि १९४९ चा नाताळ तर आमच्या जिल्ह्यातलाच. गांधीजी हयात असताना जगातल्या शांततावाद्यांची सभा हिंदुस्थानात भरवायची कल्पना निघाली होती. ती भरेपर्यंत ते राहिले नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला शांतिनिकेतनला आणि मग २४ ते ३१ डिसेंबर सेवाग्रामला ही सभा झाली. तीसेक देशांतली माणसं, त्यांत ख्रिस्ती पुष्कळ. इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या, गांधीजींचे जुने स्नेही रेजिनाल्ड रेनॉल्ड्स होते. पहिल्या महायुद्धात व्हेराबाईंचा होणारा नवरा आणि सख्खा भाऊ दोघेही मारले गेले होते. युद्धात एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या देशांची माणसं त्या वर्षी नाताळला सेवाग्रामच्या कुडाच्या झोपड्यांत एकत्र होती. ना टर्की, ना पुडिंग, ना मद्य. माझे वडील वर्ध्याला कारकून होते. ते सांगत की त्या आठवड्यात स्टेशनवरचे टांगे गोऱ्या पाहुण्यांनी भरून सेवाग्रामला जात, आणि एवढ्या थंडीत ही माणसं जमिनीवर कशी निजतील याची टांगेवाल्यांना काळजी. मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. म्हणजे माझ्या जन्माआधी ज्या जिल्ह्यात अशी पंगत बसली होती, तिथं मी पुढे चौदा वर्षं तो डबा मागच्या दारी पाठवला. इतिहास शेजारून जातो, घरात येतोच असं नाही.

असो. आता यंदाच्या जेवणाकडे.

मी विहीणबाईंना स्पष्टच विचारलं, "तुमच्याकडे नाताळला मटण असतं. आमच्याकडे चालत नाही. मुलाला बाहेर चूल मांडून द्यायला सांगू का?" त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही मटण खायला येत नाही, जेवायला येतोय." प्रश्न मिटला. मग मी आमच्या मातीतलंच करायचं ठरवलं. डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, म्हणून सोलेभात. शेतातल्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, पाटवडीचा झणझणीत रस्सा. तो असा करते की मटण खाणाराही चुकतो. गोडाला पुरणपोळी. नागपुरी संत्री तर या दिवसांत दारात येऊन पडतात. फराळाचं विहीणबाई तिकडून आणणार होत्या, पण मी म्हटलं, करंज्या इथंच करू, सगळ्या मिळून.

आमच्या घरी थोरल्या जाऊबाई आहेत, ८६ वर्षांच्या. त्यांचं अजून सोवळं आहे. स्वतःचं पाणी स्वतः भरतात. मुलांनी विचारलं, "मोठ्या आईचं काय?" मी त्यांना जाऊन सांगितलं, कोण येणार, काय होणार. त्या म्हणाल्या, "तुझं घर आहे, तू बघ. मला खोलीत दोन केळी दे."

केक मात्र नातीचा हट्ट. ओव्हन आणला होता, पण ऐन वेळी वीज गेली. तेव्हा जुनी युक्ती काढली. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून तळाशी वाळू घातली, त्यावर ताटली, ताटलीवर डबा आणि मंद आच. साखरेऐवजी गूळ, मैद्याऐवजी कणीक, दही, संत्र्याचा रस आणि थोडी किसलेली साल. कुमारप्पांची आठवण म्हणून म्हणा. मधे थोडा बसला आणि कड करपली, पण वास असा सुटला की शेजारच्या घरातून मुलं आली. चौदाचे सतरा झाले!

२४ तारखेला दुपारी करंज्या करायला बसलो. सूनबाई लाटत होती, विहीणबाई भरत होत्या, मी तळत होते. फोडणीचं काही निघालं म्हणून विहीणबाईंनी मांडणीवरून मोहरीचा डबा काढला आणि झाकणावरचं नाव वाचलं. "या कोण हो? आमच्यातल्या दिसतात."

कढई उतरवून ठेवली आणि सांगितलं. सगळं. राख, साखर, खोबरं, तीळ. मुलगा दारात उभा होता, त्यानंही ऐकलं. त्याची झबली ज्यांनी शिवली त्यांचं नाव त्याला तेव्हा कळलं.

विहीणबाई बराच वेळ करंजीच्या कडा दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आईपण द्यायची डबे. शेजारी, शाळेत. तिला माहीत असायचं कोण खातं, कोण नाही."

"मग का द्यायच्या?"

"सण आमचा होता ना. सणाला देत नाहीत का?" आणि मला म्हणाल्या, "तेल थंड होतंय."

नाही रागावल्या, नाही "जाऊ द्या" म्हणाल्या. मला दोन्हींची तयारी होती. त्यांनी ते जिथल्या तिथं ठेवलं, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. माफ करायला त्या बाई थोड्याच होत्या! त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिळाची करंजी खाल्ली. मीच मुद्दाम थोडं सारण तिळाचं केलं होतं.

नाताळच्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी घरातच प्रार्थना केली, मराठी भजनं म्हटली. नातीनं टाळ धरला. दुपारी ओसरीत पंगत मांडली. जेवणाआधी व्याह्यांनी डोळे मिटून दोन वाक्यं म्हटली. आमच्या यांनी सवयीनं ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातली. दोन्ही झालं आणि भात वाढला.

तेवढ्यात जाऊबाई काठी टेकत ओसरीत आल्या आणि भिंतीशी खुर्चीवर बसल्या. ताट घेतलं नाही. कोणी आग्रह केला नाही. विहीणबाई संत्र सोलत होत्या. त्यांनी एक फोड नातीला दिली आणि एक नुसती हातावर ठेवून जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई म्हणाल्या, "फळाला विटाळ नसतो," आणि हात पुढे केला. सबंध संत्र त्यांनी तसं खाल्लं, फोड फोड करून, विहीणबाईंच्या हातचं. भात नाही, भाकरी नाही, केक नाही. शिडीची पहिलीच पायरी. पण ८६ व्या वर्षी खोलीतून ओसरीपर्यंत चालत आल्या, हे मी विसरणार नाही. मला लिंबाच्या पारापर्यंत जमलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर चार दिवसांनी मी जुन्या सहकाऱ्यांकडून शोधत शोधत बाईंच्या मुलीचा नंबर मिळवला. फोन केला. बाई २००४ साली गेल्या. मी नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमचं नाव आई घ्यायची, नवीन असताना हजेरीपट चुकवायच्या त्या ना?" मी म्हटलं, तुमच्या आईचा डबा माझ्याकडे राहिलाय, आणून देते. ती म्हणाली, "आता कशाला? राहू द्या. वापरात आहे ना?" करंज्यांचं मला फोनवर सांगता आलं नाही. अमरावतीला जाऊनच सांगेन. मोहरी दुसऱ्या बरणीत काढली आहे, डबा घासून ठेवला आहे. राखेनं नव्हे. नेताना भरून नेईन.

आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांतल्या काहींना हे लिहिलेलं आवडणार नाही. "घरातलं बाहेर कशाला?" म्हणतील. त्यांना एकच सांगणं, तुमच्याही मांडणीवर दुसऱ्याचं नाव घातलेलं एखादं भांडं असेल. जरा बघा.

लांबलं फार. पुढल्या नाताळला या, सोलेभात आहेच. आणि हो, कुकरमधल्या केकला वाळू आधी दहा मिनिटं तापवून घ्यायची. ती माझी चूक झाली, म्हणून मधे बसला.